खोगीराखालची घळ

शुक्रवार, ६ मार्च

गुन्व्होरने ही वही आणून दिली. म्हणाली, "फेरीबोटीवरून निवृत्त झाल्यापासून घरभर येरझाऱ्या घालतोस आणि वाऱ्याची दिशा मला सांगतोस. ती यात लिही." तर लिहितो. वारा दक्षिण-पूर्वेचा, जोरात. फ्योर्डच्या खाडीवर पांढऱ्या लाटा. आज मी कप्तान असतो तर दुपारची फेरी सोडली नसती. नव्या पोराने सोडली. सुखरूप पोचला, हे वेगळं.

इंगुन आणि येप्पे काल डेन्मार्कहून आले. पोरीचं पोट आता चांगलंच दिसतं. मेअखेरीला बाळ येईल. जावई आहे तसाच आहे: लांब मान, मऊ बोलणं, मीठ पुढे केलं तरी धन्यवाद. बोलतो असा की तोंडात उकडलेला बटाटा धरलाय. डॅनिश माणसं सगळीच तशी. कॉड माशाचं काळीज त्याने 'फार छान' म्हणत म्हणत ताटाच्या कडेला सरकवलं.

माणूस वाईट नाही. पण माझी मुलगी डोंगराच्या पायथ्याशी वाढली आणि नवरा केला तो पोळपाटासारख्या सपाट देशातला.

शनिवार, ७ मार्च

उद्या त्याला घोड्यावर नेणार. घोडा म्हणजे आमच्या घरामागचा डोंगर. मधल्या खिंडीपर्यंत, म्हणजे खोगीरापर्यंत, स्कीवर चढायचं आणि तिच्याखालच्या घळीतून उतरायचं. माझे वडील मला तिथे घेऊन गेले, मी इंगुनला नेलं. इंगुन सांगते, येप्पेने माझ्यासाठी स्कीइंग शिकून घेतलं. आल्प्समध्ये जाऊन हिमस्खलनाचा अभ्यासवर्गसुद्धा केला. सामान तर असं आणलंय, बघत राहावं! बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारा नवा बीपर, बर्फात खुपसून बघायची घडीची सळई, फावडं.

माझीही सळई-फावडं आहेत, आणि बीपरही, गुन्व्होरने दिलेला. छातीला बांधला की झालं.

दुपारी म्हणाला, "बाबा, अंगणात जरा सराव करू या? मी माझा बीपर बर्फात पुरतो, तुम्ही शोधा. मग मी शोधतो."

मी म्हटलं, "जावईबापू, अंडी लपवायचा खेळ ईस्टरला."

गुन्व्होर हसली. इंगुन हसली नाही. येप्पे एकटाच अंगणात गेला आणि स्वतः पुरून स्वतःच शोधत बसला. खिडकीतून बघताना मला हसू आवरेना.

रविवार, ८ मार्च

निघतोय, म्हणून थोडक्यात. वारा पडला, आकाश धुतल्यासारखं. न्याहारीला येप्पे फोन घेऊनच बसला होता. "बाबा, आज हिमस्खलनाचा इशारा तीनचा आहे. वाऱ्याने नेऊन साठवलेला बर्फ, उत्तर-पश्चिमेच्या उतारांवर."

"पाचपैकी तीन ना? म्हणजे पास झालो."

गुन्व्होरने संत्री दिली आहेत.

मंगळवार, १० मार्च. ट्रॉम्सो

इस्पितळातली एक बाई म्हणाली, बोलवत नसेल तर लिहा. वही गुन्व्होरने पिशवीत टाकलेलीच होती.

येप्पे जिवंत आहे. यंत्र त्याच्यासाठी श्वास घेतंय.

चढ नीट झाला. मी पुढे, तो मागे, डोंगराच्या दांडावरून. तिथे वारा बर्फ टिकू देत नाही. खोगीराच्या अलीकडे सपाटी आहे. तिथे त्याच्या पायाखाली बर्फ धप्प झाला. आवाज मीही ऐकला. रिकाम्या पेटीवर कोणी जड माणूस बसावा तसा. तो जागीच थांबला.

"बाबा, हे चांगलं नाही. आलो त्याच वाटेने उतरू या."

मी काय म्हणालो ते शब्दशः लिहितो, कारण दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार नाही. मी म्हणालो, "मग तू उतर, आणि सासूबाईंजवळ विणकाम करत बस. मी घळीतून जातो. या घळीसाठी लोक परदेशातून येतात."

तो माझ्या मागोमाग आला. खोगीरावर पोचल्यावर स्कीच्या चढणीच्या पट्ट्या काढल्या, नीट घडी करून पिशवीत ठेवल्या. मग म्हणाला, "एकटे जाऊ नका. मी पहिला जातो. तुम्ही वर थांबा आणि माझ्यावर नजर ठेवा."

मी बरं म्हटलं. त्याची वळणं वरून बघायची होती मला. घरी नक्कल करून दाखवायची होती.

वळणं सुरेख घेतली त्याने. मनात आलं, अरे, हा शिकलाय की. तेवढ्यात माझ्या स्कीच्या टोकापुढे हातभर अंतरावर बर्फाला चीर गेली, कापड फाडल्यासारखी सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि सगळी घळ चालू लागली. आधी आवाज नव्हता. मग फक्त आवाजच होता. येप्पेचं लाल जाकीट दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं, आणि मग पांढऱ्या धुरळ्याशिवाय काही नाही.

फोन लावला. काय बोललो, कोण जाणे. खाली गेलो. बीपर शोधायच्या बाजूला कसा फिरवतात ते आठवेना. मी हातमोजा दातांनी ओढून काढला. पडद्यावर आकडा येतो, तो कमी व्हायला हवा. माझा वाढत होता. बराच वेळ चालल्यावर कळलं की मी उलटा चाललोय. मोठमोठ्याने ओरडत होतो. त्याचं नाव, शिव्या, "इंगुनला काय सांगू मी" असलं काहीतरी. बर्फ शिव्या ऐकत नाही.

मग आकडा उतरायला लागला. सळई खुपसत गेलो. एके ठिकाणी ती अडली, दगडाला अडते तशी नाही, अंथरुणाला अडते तशी. खणलं. थांबलेला हिमलोट सिमेंट होतो. आधी हात लागला, मग डोकं. चेहरा राखेच्या रंगाचा, तोंडात बर्फ. बोटाने काढला. श्वास नव्हता. तोंडाला तोंड लावून फुंकत राहिलो. संत्र्याचा वास येत होता.

किती वेळ गेला ते हेलिकॉप्टरमधल्या डॉक्टरने हिशोब करून सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही. त्यांच्याबरोबर गावच्या बचाव पथकाचा तोरगाइर होता, त्याची कुत्री कायसा घेऊन. त्याने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. माझी बोटं ते सोडत नव्हती.

संध्याकाळी इंगुनने विचारलं, "घळीतून का गेलात?"

मी म्हणालो, "बर्फ चांगला वाटला."

कोणाला वाटला, ते बोललो नाही.

शुक्रवार, १३ मार्च

डावी मांडी मोडली होती, शस्त्रक्रिया झाली. बोटं गारठून काळी-निळी झालीत, पण वाचतील म्हणतात. मेंदूचं उद्या कळेल, झोपेचं औषध उतरवल्यावर. डॉक्टरने सगळ्यांना बसवून सांगितलं की शुद्धीवर आल्यावर आठवणींचा गोंधळ होऊ शकतो, मागचं-पुढचं उलटसुलट होतं.

हे ऐकताना मला बरं वाटलं. लिहून ठेवतो: बरं वाटलं. माझ्या मुलीचा नवरा बेशुद्ध पडलाय, आणि त्याला आठवणार नाही म्हणून माझ्या पोटात हलकं झालं.

शनिवार, १४ मार्च

डोळे उघडले. इंगुनला ओळखलं. बाळाचं विचारलं. गुन्व्होर बाहेर जाऊन भिंतीला धरून रडली. मी तिला सावरत उभा होतो, तर म्हणते, "तू होतास म्हणून. तू नसतास तर?"

मी नसतो तर तो अंगणात बीपर पुरत बसला असता.

मंगळवार, १७ मार्च

पोलीस बाई जबाब घ्यायला आली. अशा अपघातात घ्यावाच लागतो म्हणे. येप्पेचा आवाज अजून घोगरा आहे. मी खिडकीशी, इंगुन त्याच्या उशाशी.

बाईने विचारलं, "घळीतून उतरायचं कोणी ठरवलं?"

येप्पे म्हणाला, "मी. सासरे परत फिरू या म्हणत होते. मीच हट्ट धरला. डॅनिश माणूस, डोंगर दिसला की चेकाळतो." मग माझ्याकडे मान वळवली. "हो ना, बाबा?"

मी म्हणालो, "आता काय त्याचं."

बाईने लिहून घेतलं. लिहिताना मला म्हणाली, तुमच्या धीराची कमाल आहे. इंगुन येप्पेकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. पोरीला माझी काळजी वाटत असणार. नऊ दिवसांत मी पार वाळलोय.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. त्याच्या डोक्यात आम्हा दोघांच्या जागा बदलल्यात. दुरुस्त करायला हवं होतं, हे कळतं. पण नुकत्याच उठलेल्या आजारी माणसाला पोलिसांपुढे खोटं पाडायचं? त्याला त्रास झाला असता. योग्य वेळ आली की बघू.

गुरुवार, १९ मार्च

येप्पेने गुन्व्होरकडून लोकर आणि सुया मागवून घेतल्या. बोटांना व्यायाम म्हणून. बाळाचं टोपडं करतोय. मी खोलीत गेलो तेव्हा दोघं शेजारी-शेजारी, सुया टकटक चाललेल्या, आणि गुन्व्होर म्हणते, "अरे, टाका सुटला, टाका सुटला!"

"बसा बाबा," येप्पे म्हणाला. "तुम्हालाही शिकवतो."

योगायोग तरी केवढा. मी दारातच उभा राहिलो. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. हसत होता. आठवत असतं तर असा हसला असता का?

रविवार, २२ मार्च

दोन दिवसांसाठी घरी आलो. दुकानात गेलो तर केक. मार्झिपानचा, वर छोटा झेंडा, आणि 'आपल्या कप्तानाला' असं लिहिलेलं. पेपरात आलंय म्हणे: सासऱ्याने नुसत्या हातांनी जावयाला मरणाच्या दाढेतून काढलं. फेरीवरची पोरंही आली होती. कोणीतरी म्हणालं, "डॅनिश लोकांना डोंगरावर परवानगीच देऊ नये." सगळे हसले. मीही हसलो. तोंड हसलं.

केक घरी आणला. गुन्व्होर म्हणाली, खा की. मी ताटली सरकवून दिली. तिने तो उचलून म्हाताऱ्यांच्या आश्रमात दिला.

सोमवार, ३० मार्च

येप्पेला काल इस्पितळातून सोडलं. आमच्या घरी आहेत दोघं; पाय जरा धरला की डेन्मार्कला जातील. रोज सकाळी मी इंगुनला वर कॉफी नेऊन देतो. ती घेते आणि कप हातात धरून माझ्याकडे बघत राहते. मग म्हणते, "बरं." एवढंच. बाळंतपण जवळ आलं की बायका अशा होतात, हिची आईही झाली होती.

शनिवार, ४ एप्रिल

ईस्टर. सारा गाव डोंगरातल्या खोपटांवर गेलेला. तोरगाइरचा फोन आला. "कुत्र्यांचा सराव आहे आणि पुरून घ्यायला माणूस मिळत नाही. येतोस?"

कुत्र्यांना शिकवायला खराखुरा माणूस बर्फात पुरावा लागतो. मी म्हटलं, येतो. का म्हटलं ते कळत नाही. घरातून बाहेर पडायचं होतं.

खड्डा तयार होता, आडवं झोपण्यापुरता. तोरगाइर फावड्यावर रेलून उभा. शाळेपासून ओळखतो मी त्याला. म्हणाला, "आत शिरण्याआधी एक ऐक. त्या दिवशी हेलिकॉप्टरमधून मी तुमच्या चढाचा माग पाहिला. पुढचा माग खोगीरापर्यंत एका दमात गेलाय. मागचा ठिकठिकाणी थांबलाय. सपाटीवर तर उलटा वळून थोडा खाली आलाय, मग परत वर गेलाय. आणि पुढची स्की अरुंद, जुन्या घाटाची. आर्नफिन, तसल्या स्की गावात आता कोण वापरतं?"

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस कोणाला?"

"मला कोणी विचारलं नाही." त्याने सुस्कारा टाकला. "शीर आत, लेका. हा रेडिओ घे. घाबरलास तर बोल."

वरून बर्फ लोटला. आधी निळसर उजेड, मग तोही गेला. स्वतःचा श्वास कानात भरतो. हात हलवायला जावं तर जागा नाही. मला वाटलं होतं, आत सगळं शांत असेल. नव्हतं. तोरगाइरची पावलं स्वच्छ ऐकू येत होती. तो खोकला, तेही. कोणाला तरी म्हणाला, "ती पिशवी इकडे टाक." जसं काही शेजारच्या खोलीत. मी हाक मारून पाहिली, "तोरगाइर!" तो शीळ घालत लांब निघून गेला. खालचं वर जात नाही. वरचं सगळं खाली येतं.

तेव्हा मला थंडी भरली, बर्फाची नव्हे. येप्पे खाली असताना मी त्याच्या डोक्यावर उलटसुलट धावत होतो. शिव्या देत होतो. 'इंगुनला काय सांगू मी, इंगुनला काय सांगू.' जोवर शुद्ध होती तोवर त्याने ते ऐकलं असणार.

आणि शुद्धीवर आल्यावर त्याने मला उत्तर दिलं. इंगुनला काय सांगायचं ते. पोलीस बाईला साक्षी ठेवून.

मी रेडिओवर बोललो नाही. वरती खरवडण्याचा आवाज आला, मग कायसाचं ओलं नाक, मग तिची अख्खी जीभ माझ्या तोंडावर. तोरगाइर तिला शाबासकी देत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ऊठ आता." त्याने हात धरून काढलं.

सोमवार, ६ एप्रिल

इंगुन वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दार लोटलं.

"इंगुन, येप्पेने पोलिसांना सांगितलं ते उलटं आहे. परत फिरू या तो म्हणाला होता. मी त्याला टोमणा मारला."

ती घड्या घालत राहिली. "माहीत आहे."

"त्याने सांगितलं?"

"नाही. तो अजून तेच धरून बसलाय. बाबा, मी तुमच्या मागे डोंगर चढत मोठी झाले. परत फिरू या असं तुम्ही कधी म्हणालात? एकदा तरी?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं.

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. रोज सकाळी कॉफी घेऊन यायचात. वाटायचं, आज सांगतील. तुम्ही विचारायचात, साखर हवी का." तिने एक झबलं झटकलं, ते पुन्हा पुन्हा झटकत राहिली. "बर्फ कोसळला ते मी कधीतरी विसरेन. डोंगर कोणाच्या बापाचा नाही. पण मांडी मोडलेला माणूस तुमची लाज पांघरून पडलाय, आणि तुम्ही गावात केक खाताय."

"खाल्ला नाही मी," मी म्हणालो.

काय हे उत्तर. माझ्या तोंडून हेच यायचं होतं.

ती पहिल्यांदा रडली. अपघातानंतर पहिल्यांदा, मी पाहिलेली तरी. मी पुढे झालो तर हाताने थांबवलं. "नको. खाली जा."

गुन्व्होरला मी संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अंड्यांवरून तू बोललास तेव्हा मी हसले होते." आणि उठून भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

बुधवार, ८ एप्रिल

पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलला. तीच बाई. या वेळी धीराबद्दल काही बोलली नाही. गुन्हा नोंदवायचा की नाही ते वरचे ठरवतील म्हणाली. मी विचारलं, पेपरवाल्यांना कोण सांगणार? "ते आमचं काम नाही," ती म्हणाली. मग मीच फोन केला.

येप्पेला सांगितलं तेव्हा तो चिडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिडलेला पाहिला. "कशाला? आता आपण दोघंही खोटारडे ठरलो! मिटलं होतं सगळं."

मी म्हणालो, "शनिवारी तोरगाइरने मला बर्फात पुरलं होतं. मला त्याची पावलं ऐकू येत होती. तो शीळ घालत होता, तीही."

त्याने सुया मांडीवर ठेवल्या. बाहेर फ्योर्डवरून फेरी चालली होती, तिच्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "ऐकू येतं."

मग त्याने लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला, धरायला. मी धरून बसलो.

सोमवार, २० एप्रिल

गेले. विमानतळावर येप्पे चाकाच्या खुर्चीत, मांडीवर दोन पिशव्या. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. बोटांची कातडी अजून सोलवटलेली, नवी आतून गुलाबी. इंगुनने आईला घट्ट मिठी मारली. मला म्हणाली, "तब्येत सांभाळा." विमानात चढताना वळून पाहील असं वाटलं होतं.

दुकानात आता माझ्यापुरतं बोलणं थांबतं. फेरीवरच्या एकाने बाजूला घेऊन विचारलं, "कप्तान, तोंड मिटून बसायला काय झालं होतं? सगळं छान चाललं होतं की." त्याला काय सांगू, तोंड मिटून बसणं हेच तर झालं होतं.

तोरगाइर मंगळवारी बीपरचा सराव घेतो, गावातल्या कोणालाही. मी जातो. माझ्याहून सगळे तरुण. गेल्या मंगळवारी मी उलट्या दिशेने गेलो आणि तो सगळ्यांसमोर ओरडला, "आर्नफिन, आकडा बघ, आकडा!" बरं वाटलं ओरडून घेऊन.

शुक्रवार, २९ मे

सकाळी फोन. येप्पे.

"मुलगी! मुलगी झाली, बाबा! काळं जावळ आहे भरपूर, कोणावर गेलीय कोण जाणे."

"इंगुन?"

"मस्त आहे. इथेच आहे. तुमच्याशी बोलणार नाही म्हणते."

मागून तिचा आवाज: "असं नाही म्हणाले मी! थोड्या वेळाने म्हणाले!"

गुन्व्होरने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. बाळाचं वजन, दूध, टोपडं बसतं का. सगळं विचारून झालं, रडून झालं, हसून झालं. मी खिडकीशी उभा. घोड्यावर आता फक्त घळीतच बर्फ उरलाय, मळकट, मधोमध. मग गुन्व्होरने फोन पुढे केला. "तुला बोलावतेय."

"बाबा," इंगुन म्हणाली. आवाज दमलेला. "आई तर येईलच. येप्पे तुम्हालाही बोलावतोय."

"आणि तू?"

मग बाळाचा आवाज आला, शिंकेसारखा.

"मी अजून बोलावलेलं नाही," ती म्हणाली. "पण या."

गुन्व्होरने बॅग काढलीसुद्धा. विचारते, तुझं काय काय ठेवू? मी म्हटलं, थांब, मला जरा बसू दे.